पत्ता जुना की नवा?

दिवाळीनंतर शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. सावनेरच्या आसपासच्या खेड्यांतून एस.टी.नं येणाऱ्या मुलीच जास्त. नाव, आईचं नाव, जन्मतारीख भराभर झालं. पत्त्याची ओळ आली आणि एक हुशार मुलगी पेन धरून नुसतीच बसली. जवळ गेले तर हळूच म्हणाली, "मॅडम, जुनं लिहू का नवं?"

तिच्या वस्तीच्या तोंडाशी 'समतानगर' अशी पाटी लागून दोन वर्षं झाली. आधारकार्डावर मात्र अजून जुनंच नाव, जातीच्या नावाला 'पुरा' जोडलेलं. शेजारची मैत्रीण अर्जात डोकावत होती. मी म्हटलं, "आधारवर आहे तेच लिही, नाहीतर अर्ज परत येईल." तिनं डाव्या हातानं झाकून लिहिलं. संध्याकाळी पोळ्या लाटताना तो झाकणारा हात काही डोळ्यांपुढून जाईना.

मैत्रिणींनो, अशी जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्येच घेतला आहे. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं तेव्हा सुचवली गेली. सगळीच जुनी नावं पुसावीत असं माझं म्हणणं नाही हं! नागपूरची चितार ओळ म्हटली की गणपतीच्या मूर्ती आठवतात. ते नाव सांगताना कुणाची मान खाली जात नाही. जे नाव सांगताना जाते, त्याचंच बोलणं चाललंय.

"नाव बदललं तर टपाल चुकेल," असं आमच्याकडच्या एका काकूंनी लगेच म्हटलं. अहो, गावांची नावं सारखी आणि पत्ते नाना भाषांतले, म्हणून तर पिन कोड आला! १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्यामागचं डोकं आपल्याच एका मराठी माणसाचं, श्रीराम भिकाजी वेलणकरांचं. सावनेरचा ४४११०७ घ्या. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या विभागाचा, पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. पत्र गावापर्यंत आकड्यांवर येतं. वस्तीच्या नावावर ते अडत नाही.

अडतं ते कागदांवर. म्हणून ज्यांचं माहेर किंवा सासर खेड्यात आहे त्यांनी पुढच्या खेपेला एवढं पाहून यावं. घरपट्टीची पावती आणि नमुना ८ चा उतारा काढून त्यावर वस्तीचं नाव काय आहे ते वाचायचं. (उताऱ्यावर घर कुणाच्या नावे आहे, एकट्या यजमानांच्या की दोघांच्या, तेही वाचा.) जुनंच नाव असेल तर ग्रामसभेत विषय मांडायला हवा. ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची सभा घ्यावी असा कायदाच आहे. पुष्कळ ठिकाणी ती नुसत्या सह्यांवर उरकते, तेव्हा तारीख विचारून ठेवा. पंचायतीच्या दप्तरी नाव बदललं की मग आधार आणि रेशनकार्ड. आधी घरातल्या शाळकरी मुलांचं करून घ्या. अर्ज त्यांनाच फार भरावे लागतात.

हे सगळं मी त्या मुलीच्या आईला सांगितलं. निंदणाला जाणारी बाई, पण तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सभेत मी बोलली तर चालते का?" चालतं म्हटलं. २६ जानेवारीच्या सभेआधी वस्तीतल्या चौघींना घेऊन जायचं तिनं ठरवलंय.

संक्रांतीला मी त्या मुलीला मुद्दाम एक पोस्टकार्ड टाकलं. नाव, समतानगर, गाव आणि खाली ठळक पिन कोड. चौथ्या दिवशी शाळेत आल्या आल्या तिनं सांगितलं, "मॅडम, पोस्टमननं पत्ता मोठ्यानं वाचला, सगळ्यांसमोर."