गश्ती बदलते, भय तेच राहते!

पैनगंगेच्या अलीकडे किनवट तालुका, पलीकडे यवतमाळ जिल्हा. आज ही नदी ओलांडताना कोणाच्या मनात कसलाही विचार येत नाही. परंतु १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत ही नदी म्हणजे दोन जगांमधली रेषा होती. पलीकडे स्वतंत्र भारत, अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. पलीकडच्या तीरावर तिरंगा फडकवणे हा सन्मान होता, अलीकडच्या तीरावर तोच गुन्हा होता. माणसे तीच, भाषा तीच, माहूरची रेणुकामाताही तीच. फरक एकच होता. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलू शकत होता आणि अलीकडचा कुजबुजत होता.

नागरिकाचे स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय, हे सांगण्यासाठी मराठवाड्याच्या माणसाला पाश्चात्त्य विचारवंतांचे ग्रंथ उघडण्याची आवश्यकता नाही. त्याने आपल्या आजोबांची आठवण काढली तरी पुरे.

भयाचे शासन

निजामी राजवटीचा कारभार ज्या फर्मानांवर आणि गश्तींवर, म्हणजे सरकारी परिपत्रकांवर चालत असे, त्यांतली ५३ क्रमांकाची गश्ती कुप्रसिद्ध आहे. सरकारची पूर्वपरवानगी घेतल्याविना सभा भरवायची नाही, असा तिचा आशय होता. कारण अर्थातच 'शांतता व सुव्यवस्था' हे सांगितले जाई. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. जन्मापूर्वीच गुन्हेगार ठरलेली अशी संस्था विरळाच! त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. त्याच आदिलाबादच्या अरण्यात जल, जंगल आणि जमीन यांवरचा आपला हक्क मागणारा गोंड वीर कुमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. हक्क मागणारा वनवासी राज्यकर्त्यांच्या दफ्तरात बंडखोर म्हणून नोंदला गेला. भयाच्या राजवटीत अर्जदार आणि आरोपी यांच्यातले अंतर असे क्षणात मिटते.

गश्तीने जे साधले नाही, ते पुढे रझाकारांच्या लाठ्या-तलवारींवर सोपवण्यात आले. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाने कायद्याच्या राज्याचा गळा घोटावा, ही नियतीची केवढी क्रूर थट्टा! मराठवाड्यातील हिंदू समाजाने या काळात काय सोसले, हे घराघरांत ठाऊक आहे. परंतु एक नाव त्या मानाने कमी घेतले जाते. ते आहे हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचे. संस्थानाने भारतात विलीन व्हावे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतत असताना रझाकारांनी त्यांची हत्या केली आणि ज्या हाताने ते लिहीत, तो हातही तोडला. रझाकारांच्या लेखी त्यांचा धर्म त्यांना वाचवू शकला नाही. भयाचे राजकारण एखाद्या समाजाच्या नावाने सुरू होते. पण त्याचा खरा वैरी असतो तो मान न झुकवणारा माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

स्वकीयांच्या राज्यात

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. आता भय संपले, असे मराठवाड्याला वाटले. त्यानंतर सत्तावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती, तोच २५ जून १९७५ च्या रात्री भय परत आले. या वेळी ते शेरवानी घालून आले नव्हते. ते खादी नेसून आले होते.

कारण मात्र जुनेच होते. अंतर्गत अशांतता! १९७१ च्या डिसेंबरातील युद्धापासून बाह्य आणीबाणी लागू होतीच. तिच्यावर ही दुसरी लादली गेली. 'मिसा' हा स्थानबद्धतेचा कायदाही १९७१ मध्ये देशाच्या सुरक्षेसाठी म्हणून संमत झाला होता. तो देशाच्या शत्रूंपेक्षा सत्तेच्या विरोधकांवर अधिक चालला. शाह आयोगाच्या अहवालानुसार सुमारे ३५ हजार माणसांना 'मिसा'खाली, तर ७५ हजारांहून अधिक जणांना भारत संरक्षण कायदा व नियमांखाली डांबण्यात आले. ४ जुलै १९७५ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली. शाखेत दंड फिरवणारा शाळामास्तर आणि दुकान सांभाळणारा गृहस्थ एका रात्रीत 'राष्ट्राला धोका' ठरला. घरी उरलेल्या स्त्रियांनी जे दिवस काढले, त्यांची नोंद कोणत्याही आयोगाच्या अहवालात नाही.

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी तेव्हा शंकरराव चव्हाण होते. नांदेड ही त्यांची कर्मभूमी. तरुणपणी हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते उमरखेडच्या छावणीत, म्हणजे पैनगंगेच्या पलीकडच्या मोकळ्या तीरावर, काम करत होते. निजामाच्या दडपशाहीविरुद्ध लढलेल्या पिढीतलाच एक नेता आणीबाणीचा अंमल करणाऱ्या सरकारचा प्रमुख व्हावा, याचा अर्थ काय? अर्थ एवढाच की, चांगला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे स्वातंत्र्य सुरक्षित राहते, ही समजूत भाबडी आहे. त्याच सरकारच्या काळात, १९७६ मध्ये, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अमलात आले नाही, हे जनतेचे दैव. बार्शीत मात्र कायद्याचीही वाट न पाहता माणसांना धरून नेण्यात आले होते.

आणि न्यायासन? २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला की, स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले आणि त्याची किंमत सरन्यायाधीशपद गमावून मोजली. बहुमतात असलेल्या न्या. य. वि. चंद्रचूड यांचा तो निर्णय चुकीचा होता, असे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, तेव्हा तसे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते. चूक सुधारली खरी, पण एकेचाळीस वर्षांनी.

तरीही देश गप्प राहिला नाही. १४ नोव्हेंबर १९७५ पासून लोकसंघर्ष समितीने सत्याग्रह केला आणि हजारो स्वयंसेवक हसत तुरुंगात गेले. तिथे त्यांच्या शेजारी समाजवादी होते, सर्वोदयी होते. एरवी संघावर कडाडून टीका करणारेही होते. कराडच्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून दुर्गाबाई भागवतांनी जो आवाज उठवला, तो संघाचा आवाज नव्हता. पण तो स्वातंत्र्याचा होता. १९७७ च्या निवडणुकीत मुख्यमंत्र्यांच्या नांदेडातून शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे निवडून आले. भयाने मिटलेले तोंड मतपेटीपाशी उघडले.

मोजमाप एकच हवे

हा इतिहास केवळ काँग्रेसला दोष देण्यासाठी उगाळायचा असेल, तर त्याचा उपयोग थोडाच. खरा प्रश्न पुढचा आहे. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. माओवादी हिंसेने दंडकारण्यात किती वनवासी आणि किती पोलीस मारले गेले, हे पाहता सशस्त्र हिंसेचा बंदोबस्त राज्याने केलाच पाहिजे. ज्यांना ही हिंसा दिसतच नाही, त्यांच्या उपदेशाला काडीची किंमत नाही.

परंतु संघटनेला बेकायदा ठरवण्याचा अधिकार ज्या हाती जातो, त्या हातावर डोळा ठेवण्याचे काम कोणाचे? ते सर्वाधिक त्यांचे, ज्यांच्या संघटनेवर १९४८, १९७५ आणि १९९२ अशी तीनदा बंदी आली. बंदी घालताना सत्ता कोणती भाषा वापरते, हे त्यांच्याइतके कोण जाणतो? सल्लागार मंडळे आणि न्यायालये यांना अडथळा समजणारा कार्यकर्ता १९७५ विसरला, असेच म्हणावे लागेल. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे मोघम शब्द काढून 'सशस्त्र बंड' हे नेमके शब्द घातले आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही, अशी तजवीज केली. ती करणाऱ्या जनता सरकारात तुरुंगातून आलेली माणसे होती. मोघम शब्दाची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. म्हणूनच सत्ता हाती येताच त्यांनी प्रथम सत्तेचेच हात बांधले. विरोधकांना आणीबाणीची आठवण करून देण्यापेक्षा हा वारसा चालवणे कठीण आहे. पण खरा वारसा तोच.

सरकारे येतात आणि जातात. आज आपल्याकडे असलेली लेखणी उद्या दुसऱ्याच्या हाती असेल आणि कायदा तोच असेल. तेव्हा कायदा कोणाच्या विरुद्ध आहे, हे विचारून त्याचे स्वागत करू नये. तो आपल्या विरुद्ध वापरला गेला तर न्याय मिळेल काय, हे विचारून करावे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आज तिरंगा आहे. दोन्ही तीरांवरचा माणूस सारख्याच मोठ्या आवाजात बोलू शकतो की नाही, हे पाहणे हीच मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांना खरी आदरांजली ठरेल.