आडात नाही, तरी पोहऱ्यात येते

कॅल्शियम कशातून मिळते? दुधातून. हे उत्तर चौथीतले पोरही झोपेत सांगेल. पण त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. दुधात ते कुठून येते?

गाईतून, म्हणाल. ठीक. आणि गाईत?

इथे सगळे गप्प. म्हणूनच मंडळी, आज जरा भांडायचे आहे. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी साधा जमाखर्च मांडू. गाईच्या एक लिटर दुधात साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम असते आणि जवळजवळ एक ग्रॅम फॉस्फरस. रोज १० लिटर देणारी संकरित गाय ३०० दिवसांच्या वेतात ३००० लिटर दूध देते. म्हणजे साडेतीन किलोहून जास्त कॅल्शियम तिच्या अंगातून बाहेर जाते. साडेचारशे किलोच्या गाईच्या सबंध सांगाड्यात कॅल्शियम असते सहा-सात किलोच्या आसपास. म्हणजे एका वेतात तिने निम्म्याहून अधिक सांगाडा आपल्या पेल्यात ओतला, असे समजा!

अर्थात वैरणीतून आणि पेंडीतून काही परत मिळते. पण जे कमी पडते ते कुठून येते? 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. गाय ही म्हण खोटी पाडते. तिच्या खाण्यात कॅल्शियम कमी पडले म्हणून दुधातले कॅल्शियम फारसे घटत नाही. ते ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. वेताच्या सुरुवातीला थोडी उचल चांगल्या पोसलेल्या गाईचीही होतेच, आणि पुढे दूध कमी झाले, गाय आटली की ती भरून निघते. पण भरायला गव्हाणीत काही असेल तर! नाहीतर एका वेताची उधारी पुढच्या वेतावर, आणि तिची त्याच्या पुढच्या.

आणि हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण दुधाचा भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर. गाईच्या हाडांची झीज मोजणारे यंत्र कुठल्याही संकलन केंद्रावर नाही.

कळते ते गोठ्यात. गाय वेळेवर माजावर येत नाही, भरवली तरी उलटते. कालवड वाढत नाही. गाय दोरी, चप्पल, कापड, हाड, जे सापडेल ते चघळत बसते. आपण म्हणतो, "वाईट खोड आहे तिला." ती खोड नव्हे, पुष्कळदा ती फॉस्फरसची भूक असते. म्हशीला व्याल्यानंतर लाल लघवी होते, त्यामागेही बहुधा फॉस्फरसचीच कमतरता असते.

हाडे चघळण्याची गोष्ट तर शंभर वर्षे जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत गुरे लुळी पडून मरत होती. सर अर्नोल्ड थायलर या पशुवैद्याने १९२० च्या सुमारास त्याचा उलगडा केला. तिथल्या कुरणांत फॉस्फरस कमी, म्हणून गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळायची आणि त्या हाडांतल्या जंतूंच्या विषाने मरायची. फॉस्फरस पुरवला आणि गुरे हाडे सोडू लागली. इतके जुने ज्ञान आपल्या गोठ्यापर्यंत अजून पुरते पोचलेले नाही.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

"आमच्या आजोबांच्या काळी कुठे होते हे मिनरल मिक्श्चर?" नव्हते. पण आजोबांची गाय किती दूध देत होती? वासराला पाजून दोन-तीन लिटर. ती दिवसभर रानात फिरायची, दहा प्रकारचे गवत आणि पाला खायची, खारी माती चाटायची. आजची संकरित गाय दावणीला बांधलेली, समोर असेल तेच खाणार. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात तिच्यापुढे काय असते? वाढे, वाढे आणि वाढे. वाढ्यात ऑक्झॅलेट असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणूनच जाणते लोक वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. दूध पाच पटीने वाढवून घ्यायचे आणि खुराकाचा हिशेब मात्र आजोबांचा, हा कुठला न्याय?

"हे सगळे रसायन आहे हो. आमची गाय नैसर्गिक." मीठही रसायनच आहे, आणि पानाला लावतो तो चुनाही. कॅल्शियम, फॉस्फरस, तांबे, जस्त, कोबाल्ट ही मातीतलीच द्रव्ये. कोबाल्ट नसेल तर गाईच्या पोटातल्या जंतूंना बी-१२ जीवनसत्त्व तयार करता येत नाही. गोमातेच्या नावाने आपण हात जोडतो, वसुबारसेला ओवाळतो, पोळ्याला बैलांना पुरणपोळ्या चारतो (आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडले म्हणून डॉक्टरांना बोलावतो!). मग वर्षाचे बाकीचे दिवस तिच्या खुराकात मूठभर खनिज घालताना एकदम निसर्ग आठवतो?

"परवडत नाही." हा एकच आक्षेप खरा आहे, आणि त्याच्यापुढे मी आवाज चढवणार नाही. एका दुभत्या गाईला रोज शंभर ग्रॅमच्या आसपास मिश्रण लागते, म्हणजे अंदाजे दहा रुपये. चार गाई असतील तर महिन्याला हजार-बाराशे. दुधाचा भाव पडला की शेतकरी पहिली काट यालाच मारतो, कारण उद्याच्या बादलीत फरक दिसत नाही. फरक दिसतो सहा महिन्यांनी, गाय गाभण राहिली नाही की. तेव्हा हा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात का? जो हाडांतले कॅल्शियम विकत घेतो त्याने, म्हणजे दूध संघाने आणि तुम्ही-आम्ही पिणाऱ्यांनी, त्यातला वाटा उचलायला नको?

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि इथे माझे भाचे-पुतणे तावडीत सापडणार आहेत. शहरात लॅब्रॅडॉरचे पिल्लू घरात आले की पाठोपाठ कॅल्शियमच्या औषधाची बाटली येते. पिल्लू आधीच संतुलित तयार खाद्य खात असते. त्याला वरच्या कॅल्शियमची काहीच गरज नसते. उलट लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम धड नाकारता येत नाही. ग्रेट डेनच्या पिल्लांवर हॉलंडमधल्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात प्रयोग झाले. जादा कॅल्शियमने हाडे मजबूत न होता त्यांची वाढच बिघडते, असे त्यांतून दिसले. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची गोष्ट वेगळी, त्याला कॅल्शियम खरेच कमी पडते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, दुकानदाराने नव्हे. ज्याला नको त्याला चमचा-चमचा, जिची हाडे झिजताहेत तिला काही नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आणि विकणारे? त्यांनी तर कहर केला आहे. "आठ दिवसांत दूध वाढेल" असे पाकिटावर छापायचे आणि आत काय, किती, ते बारीक अक्षरात किंवा अजिबात नाही. खनिज मिश्रण म्हणजे जादूची भुकटी नव्हे, रोजच्या पानातले मीठ आहे. भारतीय मानक ब्यूरोचे त्यासाठी आयएस १६६४ हे मानक आहे, पाकिटावर ते बघून घ्यावे. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तर भागाभागांतला चारा तपासून त्या त्या क्षेत्रासाठी वेगळी मिश्रणे ठरवण्याचे काम केले आहे. जिथे जे कमी तेच घालायचे, इतके सरळ.

घालतानाही डोके वापरावे लागते. गाय व्याली की पहिल्या चिकातूनच वीस ग्रॅमच्या वर कॅल्शियम जाऊ शकते, आणि तिच्या सगळ्या रक्तात मिळून असते तीन-चार ग्रॅम. शरीराला हाडांतून उचल करायला वेळ मिळाला नाही की गाय थंड पडून खाली बसते. तो दुग्धज्वर (नावात ज्वर, अंगात ताप नाही!). डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिले की ती बहुधा उठते. पण हा दुग्धज्वर टाळायचा म्हणून भाकड काळात कॅल्शियमच्या बाटल्या रिचवणे उलटे पडते, कारण मग उचल करण्याची यंत्रणाच सुस्तावते. आणि गाईचे मिश्रण मेंढ्यांना तर मुळीच घालू नये, त्यातल्या तांब्याने मेंढी दगावू शकते. कुणाला, कधी, किती, हे विचारूनच द्यावे.

माझे मागणे फार नाही. प्रत्येक दूध संकलन केंद्राने खनिज मिश्रण निम्म्या किमतीत सभासदाला द्यावे आणि ती किंमत बिलातून वळती करून घ्यावी. काही ठिकाणी असे होतेही. जिथे होत नाही तिथल्या संचालकांना वार्षिक सभेत उभे राहून विचारा. आणि आपण शहरातल्यांनी लिटरमागे रुपया वाढला की लगेच "लूट, लूट" असे ओरडू नये. आधी विचारावे की हा रुपया गव्हाणीपर्यंत जातो का. जात नसेल तर मात्र जरूर ओरडावे, मीही येतो.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अजून गोठा आहे त्यांनी एवढेच करावे. उद्या सकाळी गाईच्या खुराकात काय काय पडते त्याची यादी करून मला कळवा. आणि पिल्लूवाल्यांनो, ती बाटली डॉक्टरांना दाखवून या. मग प्रतिक्रियांत हवे तेवढे भांडू.