नरक्याची साल नको, रोप हवे

गेल्या संकष्टीला मयूरेश्वराचे दर्शन घेऊन एक तरुण शेतकरी दवाखान्यात आला. आईला मोठ्या आतड्याचा कर्करोग, उपचार पुण्यात चालू. म्हणाला, "डॉक्टर, ते इंजेक्शन म्हणे नरक्याच्या झाडापासून निघते. मग सालच आणून काढा दिला तर?"

मी स्पष्ट नाही म्हणालो. नरक्यातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य विषारी आहे. १९६६ साली अमेरिकेत ते एका चिनी वृक्षातून वेगळे करणाऱ्या दोघांपैकी डॉ. मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७२ मध्ये तेच द्रव्य नरक्यात सापडले. पण रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागल्याने सुरुवातीच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यात रासायनिक बदल करून तयार झालेल्या दोन औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. चुलीवरच्या काढ्यात हा बदल कोण करणार?

औषध आले आणि सह्याद्रीतील नरक्यावर कुऱ्हाड आली. पान तोडले तर झाड जगते. येथे खोड आणि मूळही उपयोगी, म्हणजे झाडच संपते.

यावर ऊतीसंवर्धन हा उपाय सांगितला जातो. आपल्या भागात त्याची नवलाई नाही. केळीची टिश्यूकल्चर रोपे आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे उसाचे बेणे अनेकांनी लावले आहे. कोंबाचा बारीक तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार व संप्रेरके घातलेल्या बाटलीत वाढवायचा, फुटवे वेगळे करीत जायचे, मुळ्या आल्या की सावलीत बाहेरच्या हवेची सवय लावायची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी नरक्याच्या ऊतीसंवर्धनावरही काम केले आहे.

मात्र माझे मत असे, की घोडे बाटलीपाशी अडलेले नाही, खरेदीपाशी अडले आहे. जंगलातले लाकूड स्वस्तात मिळते तोवर वर्षानुवर्षे सांभाळलेल्या झाडाला भाव कोण देणार? औषधासाठी लागवडीचाच माल घ्यावा, अशी सक्ती शासनाने करावी. दुसरे असे, की केळीचे सगळे घड एकदम तयार झाले तर बागायतदार खूश. जंगलात हाच एकसारखेपणा घातक. एकाच झाडाची लाख रोपे लावली आणि रोग आला तर सगळी एकदम जातील. जंगलात लावायची रोपे निरनिराळ्या झाडांची, शक्यतो बियांपासून केलेली असावीत. शेतात मात्र द्रव्य भरपूर असलेल्या निवडक झाडांची ऊतीसंवर्धित रोपे खुशाल लावावीत.

"मग कऱ्हेकाठी लावू का?" त्याने विचारले. हे झाड घाटमाथ्याच्या पावसाचे, आपल्या मुरमाड रानाचे नव्हे, हे त्याला सांगावे लागले. पुढच्या इंजेक्शनाआधी आईच्या पांढऱ्या पेशी तपासून घे आणि जुलाब सुरू झाले तर घरी थांबू नकोस, एवढे चिठ्ठीवर लिहून दिले.