न गायिलेले राष्ट्रगीत

सिनिशा मिहाइलोविच १६ डिसेंबर २०२२ रोजी रोममध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तला. बहुतेक मृत्युलेखांनी त्याच्यातला लढवय्या तेवढा उभा केला. २०१९च्या जुलैत निदान जाहीर झाले आणि २५ ऑगस्टला हा प्रशिक्षक, उपचार चालू असतानाच, बोलोन्या संघाबरोबर मैदानाच्या कडेला हजर! प्रसंग विलक्षण आहे, यात शंका नाही. पण त्याच्या उजेडात सारे आयुष्य वाचणे म्हणजे शेवटचे प्रकरण चाळून कादंबरीचे परीक्षण लिहिणे होय.

फ्री किकवर त्याने इटलीच्या अव्वल साखळीत २८ गोल केले. तो विक्रम ठाऊक असणारे पुष्कळ आहेत. मला गुंतवतो तो त्याचा २०१२चा एक निर्णय. सर्बियाचा प्रशिक्षक होताच त्याने सामन्यापूर्वी राष्ट्रगीत म्हणण्याची अट खेळाडूंना घातली. मे महिन्यात स्पेनविरुद्ध आदेम ल्याइच गप्प उभा राहिला. ल्याइच नोव्ही पाझारचा, मुस्लिम. त्याला संघातून घरी पाठवण्यात आले.

आता ही अट घालणारा कोण, ते पाहावे. १९६९ साली व्हुकोवारमध्ये जन्मलेला, सर्ब बापाचा आणि क्रोएट आईचा मुलगा. मे १९९१मध्ये रेड स्टारने बारी येथे युरोपियन चषक जिंकला, तेव्हा त्याच्याबरोबर मॅसिडोनियाचा पांचेव्ह होता, माँटेनेग्रोचा साव्हिचेविच होता. त्याच वर्षी व्हुकोवारची राखरांगोळी झाली. पुढे उरल्यासुरल्या युगोस्लाव्हियाकडून तो २००३पर्यंत खेळला, आणि त्या सामन्यांआधी वाजे ते मोडलेल्या जुन्या देशाचेच गीत!

अशा माणसाला दुसऱ्याचे मौन कळायला हवे होते, असे सहज वाटते. मला ते पटत नाही. ज्याच्या पायाखालची भूमीच सरकली, तो हाती उरलेल्या खुणेला अधिकच घट्ट धरतो. अर्थात, कारण उमगले म्हणून कृती न्याय्य ठरत नाही. ल्याइचवर अन्यायच झाला. (आर्कानसारख्या युद्धगुन्ह्यांच्या आरोपीशी असलेली मैत्रीही मिहाइलोविचने कधी लपवली नाही. २०००मध्ये पॅट्रिक व्हिएराला वंशवाचक शिवी दिल्याचे मात्र त्याने कबूल केले आणि जाहीर माफीही मागितली.)

२०१६च्या उन्हाळ्यात तो तोरिनोचा प्रशिक्षक झाला आणि त्याच उन्हाळ्यात ल्याइच त्या संघात दाखल झाला. इटलीच्या साखळी सामन्यांआधी राष्ट्रगीत होत नसते. मिहाइलोविच त्याला खेळवत राहिला.