पत्र लिहायचे, पण कसे?

तालुक्यात मानसिक आरोग्याचे समुपदेशक नेमावेत म्हणून आम्ही एका न्यासाला पत्र पाठवले. पाच पाने, निम्मी हळहळीची. उत्तर आले नाही. चूक आमचीच. माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नका, हे गावोगाव सांगणारे आम्ही! पत्र दोनच पानांचे हवे : गावे किती, काम कोण करणार, खर्च किती, वर्षाने काय मोजणार. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने मोजले होते; नैराश्यग्रस्तांत मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले (अहवाल २०१७).

भाव मागायचा सोडून अनुदान मागता काय, असे कोणी विचारील. भावाची लढाई चालूच आहे. रात्र रात्र जागणाऱ्याने तोवर थांबावे काय? प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीला गावांची यादी आणावी. गेलेल्यांची नावे मात्र पत्रात घालू नयेत.