‘इशारा दिला होता’ या वाक्यापाशी विज्ञान थांबत नाही

डिसेंबर सरत आला की भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नकाशावर गंगेचे मैदान पिवळ्या, नारिंगी, कधी लाल रंगाने भरून जाते. मग एखाद्या सकाळी बातमी येते: धुक्यात वाहने एकमेकांवर आदळली, किंवा बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब उठलेच नाही. त्यानंतरच्या खुलाशात एक वाक्य हमखास असते, ‘इशारा दिला होता’. हे वाक्य बहुधा खरे असते. आक्षेप आहे तो त्याच्या खरेपणावर समाधान मानून बसण्याला.

लखनऊमधील मानक नगर हा भाग या आक्षेपासाठी अगदी योग्य जागा आहे. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजेच आरडीएसओ, 1957 पासूनची संस्था, येथेच आहे. ‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी प्रणाली याच संस्थेच्या देखरेखीखाली घडली. धुक्यात इंजिनचालकाला पुढचा सिग्नल जवळ आल्याचे आवाजाने आणि पडद्यावर सांगणारे जीपीएसवर चालणारे उपकरण आज उत्तरेतील गाड्यांत सर्रास दिसते. 2 जानेवारी 2010 या एकाच दिवशी उत्तर प्रदेशात पनकी आणि इटावा येथे दाट धुक्यात गाड्यांच्या टकरी झाल्या होत्या. तशा प्रसंगांतून चालकाला वाचवण्याचे काम गांभीर्याने झाले, हे मान्य करायलाच हवे.

पण त्याच संस्थेच्या भिंतीबाहेर कानपूरकडे जाणारा दुहेरी लोहमार्ग आहे. पहाटे तो पायी ओलांडणाऱ्याच्या हाती काय असते? हिशेब साधा आहे. धुक्यात उपकरण असलेल्या गाडीला ताशी 75 किलोमीटरपर्यंत वेग ठेवता येतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 21 मीटर. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार दृश्यता 50 मीटरच्या खाली गेली की धुके ‘अतिदाट’ ठरते. म्हणजे गाडी दिसल्यापासून ती अंगावर येईपर्यंत अडीच सेकंदही मिळत नाहीत. दोन्ही रुळांचा पट्टा ओलांडायला सामान्य चालीने सुमारे सात सेकंद लागतात. उरलेले साडेचार सेकंद कोणत्याही रंगाच्या इशाऱ्यात लिहिलेले नसतात. रूळ ओलांडणे बेकायदा आहे, हे उत्तर न्यायालयात चालेल. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते देऊ नये.

दुसरा प्रश्न ‘पारा’ या शब्दाचा. वर्तमानपत्रे किमान तापमानावर मथळे बांधतात, कारण मैदानी प्रदेशात थंडीची लाट त्यावरून ठरते: पारा 10 अंशांवर किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक कमी, अथवा थेट 4 अंशांवर किंवा त्याखाली. जानेवारीत लखनऊचे सरासरी किमान तापमान आठ अंशांच्या आसपास आणि कमाल सुमारे 22 असते. आता धुक्याचे भौतिकशास्त्र पाहावे. पश्चिमी विक्षोभ पाऊस देऊन निघून जातो, आकाश निवळते, वारा पडतो, ओली जमीन रात्री वेगाने उष्णता गमावते आणि तिच्यालगतची हवा संपृक्त होते. एकदा धुके जमले की ते जमिनीतून निघणारे दीर्घ लहरींचे प्रारण अडवते, त्यामुळे रात्रीचे तापमान फार उतरत नाही. सकाळी तेच धुके सूर्यप्रकाश परतवते, त्यामुळे दिवस तापतच नाही. किमान 8 आणि कमाल 13 अशा दिवशी मथळ्यापुरता पारा ‘सामान्य’ असतो. प्रत्यक्षात कमाल तापमान सरासरीहून नऊ अंशांनी खाली गेलेले असते आणि तो विभागाच्याच निकषाने ‘तीव्र शीत दिवस’ ठरतो. पत्रकात ही संज्ञा असते, मथळ्यात क्वचितच येते. रिक्षावाला, बांधकामावरचा मजूर, रस्त्यालगत झोपणारा म्हातारा यांच्या अंगाला मात्र दिवसभर ऊब मिळत नाही.

मृत्यूंची मोजणीही अशीच तोकडी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ‘थंडीमुळे मृत्यू’ अशी वेगळी नोंद ठेवतो, पण थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून ज्याला हृदयविकाराचा झटका येतो, तो या रकान्यात सहसा बसत नाही. ‘द लॅन्सेट’ने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 13 देशांच्या अभ्यासात (त्यात भारत नव्हता) एकूण मृत्यूंपैकी 7.29 टक्के थंडीशी आणि 0.42 टक्के उष्णतेशी जोडले गेले, आणि त्यांतील बहुतांश मृत्यू टोकाच्या नव्हे तर मध्यम थंडीतले होते. 2018 मधील भारतीय मृत्युनोंदींच्या अभ्यासानेही तीच दिशा दाखवली. लाल रंगाची वाट पाहणारी व्यवस्था नेमकी याच दिवसांकडे पाठ फिरवून असते.

मराठी वाचकाला ‘गुलाबी थंडी’ या शब्दप्रयोगाची सवय आहे, म्हणून हे दूरचे वाटेल. पण निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारावे. पारा उतरणार असे कळले की बागेत शेकोट्या करायच्या, पाणी द्यायचे, हे त्याला ठाऊक असते. त्याच्यासाठी अंदाज हा आकडा नसून रात्रीचे काम असते. द्राक्षाच्या मण्यासाठी जे जमते, ते माणसासाठी जमत नाही, ही खरी लाजिरवाणी गोष्ट आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2015 पासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा सविस्तर प्रयोग चालवला. तो मोलाचाच आहे, आणि त्यातून अंदाज सुधारले तर त्याचा लाभ सर्वांना होऊ शकतो. तरी लाभार्थ्यांचा क्रम पाहावा: आधी वैमानिक, मग इंजिनचालक, आणि सायकलस्वार सर्वांत शेवटी, तोही मोबाइलवरच्या एका संदेशापुरता. शेगडीबाबतची सूचना बहुधा पत्रकाच्या तळाशी, ‘खोलीत हवा खेळती ठेवा’ अशा शब्दांत असते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, हे कोणी सांगत नाही. जळता कोळसा दाराबाहेर ठेवूनच झोपायचे, एवढे एक वाक्य वर यायला हवे.

‘स्थानिक पातळीवर हे कोण करणार?’ हा हताश प्रश्न नेहमी पुढे येतो. वेधशाळेत दृश्यता मोजायला ठरावीक अंतरावरच्या खुणा वापरण्याची पद्धत जुनी आहे. शाळेच्या फाटकापासून 50, 100 आणि 200 मीटरवरच्या विजेच्या खांबांवर रंगाचे पट्टे ओढायला काही तास आणि एक मोजपट्टी पुरते. दुसरा खांब दिसेनासा झाला की मुलांनी रुळाकडून न जाता पुलावरून यायचे, आणि पहिलाही दिसेनासा झाला की शाळा उशिरा भरवायची. हा निर्णय घ्यायला जिल्ह्याचा नकाशा लाल होण्याची गरज नाही, आणि खांब मोजण्याचे काम नववीतल्या विद्यार्थ्यांनाही जमेल.