आर-स्क्वेअरचं कौतुक पुरे!

शुक्रवारी मीटिंगमध्ये परत तेच. एक्सेलचा चार्ट, त्यात ट्रेंडलाइन, कोपऱ्यात 'आर-स्क्वेअर ०.९०'. मॅनेजर खूश! "नव्वद टक्के अ‍ॅक्युरेट आहे रे, १४ दिवस कळवून टाक क्लायंटला." मी तोंड उघडेपर्यंत मेल गेलासुद्धा.

डेटा काय होता? आधीची पाच मॉड्यूल्स. स्क्रीन्स २, ४, ६, ८, १०. लागलेले दिवस ५, ७, १४, १३, २१. नवीन मॉड्यूल ७ स्क्रीन्सचं. रेषा म्हणते १३.९ दिवस. बरं.

पण ०.९० म्हणजे नव्वद टक्के अचूक नव्हे हो! दिवसांमधला जो चढउतार आहे, त्यातला ९०% रेषेने टिपला, एवढाच त्याचा अर्थ. त्याला ना दिवस कळतात ना तास. मला हवंय ते वेगळंच: अंदाज किती दिवसांनी चुकेल? त्यासाठी एक्सेलमध्ये एसटीईवायएक्स नावाचं फंक्शन आहे. कंसात आधी वाय, मग एक्स. (उलट दिलंत तर एरर येत नाही, निमूटपणे १.१४ येतं, तेही स्क्रीन्समध्ये! आमच्याकडे एकाने हा पराक्रम केलाय.) बरोबर उत्तर २.२८ दिवस. रेषेचा उतार आणि छेद काढण्यात दोन बिंदू खर्ची पडतात, म्हणून भागायचं पाचाने नाही, तिनाने.

आणि २.२८ ही सुद्धा सौम्य बातमी आहे. पाचच बिंदू, त्यात रेषा स्वतःच डळमळीत. नव्या मॉड्यूलसाठी ९५% खात्रीने बोलायचं तर नेहमीच्या सूत्राने अधिक-उणे ८ दिवस येतात. म्हणजे ६ ते २२!

आता कोणी म्हणेल, तुझं एसटीईवायएक्स तरी कुठे धुतल्या तांदळासारखं? मान्य. अ‍ॅन्सकम यांनी १९७३ मध्ये चार डेटासेट दिले. आलेख चार तऱ्हेचे, पण आर-स्क्वेअर चारही ठिकाणी ०.६७ आणि स्टँडर्ड एरर १.२४. तेव्हा आलेख बघाच. पण निदान तो एरर दिवसांत चुकतो, दिवसांत बोलतो.

मी हे सगळं सांगितलं तर उत्तर मिळालं, "सहा ते बावीस म्हटलं की क्लायंट घाबरतो." बरोबर आहे. बाविसाव्या दिवशी क्लायंट घाबरलेला नसतो, चिडलेला असतो. आणि मधले दोन शनिवार-रविवार ऑफिसात कोण बसतं, ते मॅनेजरला विचारू नका. मला विचारा.